भोपळ्याच्या शेतात घेतलेलं नाव

सिल्वो अर्नुशला धावायला लावलं ते रादो बेलशाकनं. एरवी या दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. सिल्वोचं आमच्या प्तुई शहरात चष्म्याचं दुकान. पांढरा कोट, पाणी लावून बसवलेले केस आणि बोलणं इतकं हळू की गिऱ्हाइकाला काउंटरवर ओणवं व्हावं लागतं. रादो प्लंबर. तो द्रावा नदीच्या अलीकडे हसला की पलीकडची कुत्री भुंकतात. तो दुकानातल्या बेसिनचा नळ बदलायला गेला, त्याच सकाळी सिल्वोला डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती आणि स्वारी तोंड पाडून बसली होती.

"गोळ्या कसल्या खातोस," रादो बेसिनखालून म्हणाला. "मंगळवारी पुलाखाली ये. आम्ही पळतो."

"मी? मी बस पकडायलासुद्धा पळत नाही."

"म्हणूनच बस चुकते तुझी. ये गुपचूप."

सिल्वो आला. मी त्या गटात सगळ्यांत जुनी, म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी माझ्या गळ्यात मारतात. दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांना 'आ करा' म्हणत असते, त्यामुळे घाबरलेल्या माणसांची मला सवय आहे. त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच, की या माणसानं धावायच्या चड्डीलाही इस्त्री केली होती. पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत पोचला आणि खांबाला धरून उभा राहिला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खांबापर्यंत. असं करत करत हिवाळा गेला. मार्चमध्ये एकदा नदीवर दाट धुकं होतं, खांब कुठं आले आणि कुठं गेले ते कळलंच नाही, आणि सिल्वो न थांबता नदीवरचे दोन्ही पूल ओलांडून परत आला. आल्यावर त्याला ते खरंच वाटेना. "मी कुठं थांबलो होतो का गं, नेवेंका?" असं त्यानं मला तीनदा विचारलं. मग सगळ्यांना कॉफी पाजली.

आमच्यासारख्या हौशी पळणाऱ्यांचं सुख एवढंसंच असतं. कोणी पदकासाठी पळत नाही. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं तर ते आठवडाभर कौतुकानं दाखवायचं, नवे बूट आणले की सगळ्यांनी वाकून बघायचं, मागच्या वर्षी पुढं गेलेल्या एखाद्या बाईला यंदा चढावर गाठलं तर रात्री जेवताना स्वतःशीच हसायचं. सिल्वोला या सगळ्याचा नाद लागला. गावच्या शर्यतीत तो शेवटून चौथा आला, आणि दुकानात काचेच्या कपाटात, महागड्या फ्रेमांच्या शेजारी त्यानं तो सहभागाचा बिल्ला ठेवला.

मंगळवार सगळ्यांचा असायचा. रविवारची लांब धाव मात्र रादो आणि सिल्वो दोघंच करायचे. ती वाट रादोनं ठरवलेली, शहराबाहेर, भोपळ्यांच्या शेतांमधून ब्रेझोवेत्स गावाला वळसा घालून. वाट चांगली होती हे खरं, पण खरं कारण होतं झ्लात्का. झ्लात्का ब्रेझोवेत्सच्या बालवाडीत शिकवते आणि तिच्याच आवारात राहते. रादोची बायको सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि हा एवढा धटिंगण माणूस त्या बालवाडीच्या कुंपणाजवळ आला की पोट आत ओढून पळायचा. सिल्वो हे बघायचा आणि शब्द काढायचा नाही. उन्हाळ्यात एकदा झ्लात्काच अंगणातून ओरडली, "अहो, दर रविवारी पळून जाता, कधी तरी थांबा की!" तेव्हापासून रादो थांबायला लागला. दोघांचं जमत चाललं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, एका शनिवारी, सिल्वोच्या मेहुण्याचा वाढदिवस होता. मेहुण्याच्या द्राक्षमळ्यातला पहिला रस नुकता काढलेला, फसफसायला लागलेला. आम्ही त्याला मोश्ट म्हणतो. गोड लागतो, चढत नाही, म्हणून माणूस पीत राहतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब पोट घेतं, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिल्वोलाही ठाऊक होतं. पण मेहुणा आग्रही, आणि सिल्वोला नाही म्हणायला कधी जमलेलं नाही.

रविवारी सकाळी रादोचा फोन आला. कुणाच्या तरी तळघरात पाइप फुटला होता, त्याला जावं लागणार होतं. "तू जा पळून," तो म्हणाला. "झ्लात्का दिसली तर हात कर माझ्या वतीनं."

सिल्वो एकटाच निघाला. ब्रेझोवेत्स जवळ आलं आणि त्याच्या पोटात पहिली कळ आली. ती गेली. दुसरी आली ती जायलाच तयार नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको. पाय थांबवले तर पंचाईत, पळत राहिलं तर त्याहून पंचाईत. माणूस गुडघे जवळ घेऊन, कपाळावर घाम घेऊन, जगातल्या प्रत्येक झुडपाकडं आशेनं बघत चालतो. गावातले सगळे प्रार्थनेला चर्चमध्ये गेले होते, घंटा वाजत होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका घराला लागून भोपळ्याचं शेत होतं, पानं अजून हिरवी, गुडघाभर उंच. सिल्वो त्यात शिरला. पण उशीर झाला होता. चड्डीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तो बसलेला असतानाच वर घराचं दार उघडलं.

"कोण रे ते? माझ्या भोपळ्यात कोण बसलंय?"

घर रेझिका कोकोल नावाच्या म्हातारीचं होतं. तिचा खुबा गेलेला, शस्त्रक्रियेसाठी ती तारखेची वाट बघत होती, म्हणून ती प्रार्थनेला गेली नव्हती. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पालापाचोळा ओढायचं दाताळं घेऊन ती पायरीवर उभी राहिली.

"मावशी, एक मिनिट... माफ करा... पुढं येऊ नका!"

"मी कशाला येऊ पुढं? तू ये बाहेर! तेलाच्या बिया चोरायला आलास होय रे?"

"नाही हो मावशी. मी... माझं पोट..."

मग म्हातारीला वास आला असावा, किंवा त्याचा चेहरा दिसला असावा. तिनं दाताळं भिंतीला टेकवलं.

"मोश्ट प्यायलास?"

"हो."

"अरे देवा. आणि ती पानं नको वापरूस, काटेरी असतात, आठवडाभर बसता येणार नाही. थांब."

ती काठी टेकत टेकत आत गेली. बादलीभर पाणी, साबणाचा तुकडा, जुना टॉवेल आणि तिच्या गेलेल्या नवऱ्याची पँट, एवढं सगळं तिनं शेताच्या बांधावर आणून ठेवलं. त्या मोडक्या खुब्यानं दोन फेऱ्या केल्या. मग पाठ करून उभी राहिली आणि सिल्वो धुवून कपडे बदलेपर्यंत हवापाण्याच्या गोष्टी बोलत राहिली, म्हणजे त्याला फार अवघड वाटू नये. सिल्वोनं मला पुढं सांगितलं की ती ओरडली असती, दाताळं घेऊन मागं लागली असती, तर बरं झालं असतं. तिचं ते पाठ करून बोलत राहणंच त्याला सोसेना.

त्यानं बादली विहिरीवर स्वच्छ धुतली, पालथी घातली, टॉवेलाची घडी केली. पँट कमरेला इतकी सैल की एका हातानं धरून ठेवावी लागत होती.

"नाव काय तुझं, बाबा?" म्हातारीनं विचारलं. "कुणाचा तू?"

इथं त्याची जीभ घसरली. दुकानात निम्मा तालुका चष्मे करायला येतो. उद्या ही म्हातारी, तिची शेजारीण, पाद्री, सगळे नाव ऐकतील आणि काउंटरपलीकडं उभं राहून ओठ दाबतील. हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून एका क्षणात गेलं, आणि तोंडातून निघालं, "रादो. रादो बेलशाक. शहरात प्लंबर आहे."

"बरं रादो, नीट जा. आणि पँट आण परत सवडीनं. माझ्या नवऱ्याची, फ्रान्सची आहे."

घरी येईपर्यंत सिल्वो स्वतःची समजूत घालत होता की रादोला कळलं तरी तो हसण्यावारी नेईल. रादो असल्या गोष्टी स्वतःच रंगवून सांगतो. मोठ्या गळ्याच्या माणसाला लाज कमी वाटते, असा आपला त्याचा समज. पँट त्यानं बायकोच्या नकळत धुतली, इस्त्री केली, आणि दुकानात जुन्या लेन्सच्या खोक्यामागं ठेवून दिली. परत द्यायला जायचं म्हणजे पुन्हा रादो होऊन जायचं, नाहीतर खरं सांगायचं. तो गेलाच नाही.

रेझिकाबाईला हॉस्पिटलात तारीख मिळाली. खुबा बसवला. तिला बघायला तिची भाची आली. ती भाची म्हणजे झ्लात्का. हे सिल्वोला ठाऊक नव्हतं, आणि रादोलाही तोवर ठाऊक नव्हतं. झ्लात्कानं लाजत लाजत आत्याला सांगितलं की आपल्या आयुष्यात एक माणूस आलाय, शहरातला, प्लंबर आहे, रादो नाव.

आत्या पलंगावर हसून हसून बेजार झाली. "रादो बेलशाक? अगं त्याला म्हणावं, आधी तुझ्या काकांची पँट परत दे!"

झ्लात्कानं रादोला विचारलं. तिला वाटलं, तो लाल होईल, हसेल, आणि दोघं मिळून हसतील. रादो म्हणाला, "कसली पँट?"

"आता सोंग नको घेऊस. आत्यानं सगळं सांगितलं, सप्टेंबरातल्या त्या पहिल्या रविवारचं, तिच्या भोपळ्यातलं."

"मी त्या दिवशी पाइप दुरुस्त करत होतो."

"हे बघ रादो, पोट कुणाचंही बिघडतं. त्याची मला लाज नाही वाटत. पण तू माझ्याशी खोटं का बोलतोयस?"

रादोच्या आधीच्या बायकोनं संसारात खोटेपणा फार केला होता, त्यामुळे हा शब्द त्याला झोंबला. "फोटो पाठव आत्याला," झ्लात्का म्हणाली. रादो म्हणाला, "मी काय चोर आहे? माझा फोटो दाखवून ओळख पटवायची? तुझा विश्वास नसेल तर राहू दे." हॉस्पिटलात जायलाही तो तयार नव्हता. नुकतंच ऑपरेशन झालेल्या म्हातारीच्या पलंगापुढं जाऊन 'बघा हो, तो मीच का' असं विचारणं त्याला पटेना. अशी ती दोघं तुटक तुटक बोलायला लागली.

त्या मंगळवारी रादोनं आम्हा सगळ्यांना पुलाखाली ही हकीकत सांगितली. चिडून सांगितली, पण त्याची चीडसुद्धा इतकी मोठ्यानं असते की लोकांना गंमत वाटते.

"कुणीतरी माझं नाव सांगून भोपळ्यात बसलंय!"

सगळे पोट धरून हसले. टपालखात्यातला योशे म्हणाला, "अरे रादो, दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करतोस आणि स्वतःचा गळतो तो?"

"मी नव्हतो रे!"

"बरोबर. तुझ्या नावाचा दुसरा प्लंबर होता."

मीही हसले. सिल्वो माझ्या शेजारी उभा होता. तोही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटाच. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी आधीच बांधलेली होती. मी ते पाहिलं आणि त्यावर काही विचार केला नाही.

ऑक्टोबरभर हे चाललं. कोणी रादोच्या गाडीच्या काचेवर भोपळ्याचं चित्र चिकटवलं. कोणी त्याला पळताना वाटेतल्या प्रत्येक झुडपाकडं बोट दाखवायचं, "रादो, ते बघ, मोकळं आहे!" पहिले दोन आठवडे तो शिव्या घालून हसला. मग नुसता हसला. मग एका मंगळवारी तो आलाच नाही, आणि त्याच्याशिवाय आमची धाव इतकी शांत झाली की बुटांखालची पानं ऐकू येत होती.

रविवारची धाव सिल्वोनं गुडघ्याचं निमित्त सांगून बंद केली. रादो त्याला बघायला दुकानात गेला. त्यानं गुडघ्याला बांधायचा पट्टा आणला होता, स्वतः वापरून ताणलेला. काउंटरवर ठेवला आणि स्टुलावर बसून राहिला.

"झ्लात्का फोन उचलत नाही," तो म्हणाला.

सिल्वो एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता. "उचलेल," तो म्हणाला.

"तू तर त्या रविवारी पळायला गेला होतास. तुला कुणी दिसलं नाही का तिथं?"

"नाही." सिल्वोनं स्क्रू इतका पिळला की फ्रेम मोडली. "धुकं होतं."

हे त्यानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. म्हणाला, "नेवेंका, शेतात जे झालं ते पोटानं केलं. नाव घेतलं ते भीतीनं. पण हे 'नाही' मी शुद्धीत म्हटलं. तो माझ्यासाठी पट्टा घेऊन आला होता. आणि त्या दिवशी धुकंसुद्धा नव्हतं गं. चांगलं ऊन होतं."

नोव्हेंबरात सेंट मार्टिनचा सण आला. त्या दिवशी मोश्टची दारू होते म्हणतात, घरोघरी हंस भाजतात, लाल कोबी शिजवतात. रेझिकाबाई घरी आली होती. तिनं भाचीला निरोप दिला की तुझ्या त्या रादोला सणाला जेवायला घेऊन ये, भांडण असेल तर माझ्या टेबलावर मिटवा. झ्लात्कानं रादोला सांगितलं, आणि रादो हो म्हणाला. त्या मंगळवारी तो पुलाखाली येऊन म्हणाला, "रविवारी जातोय म्हातारीकडं. आता तीच सांगेल, तो मी होतो का कोण होता ते."

सिल्वो घरी गेला आणि जेवला नाही. रादोकडं जाऊन सांगावं, असं तो रोज ठरवायचा. एकदा त्याच्या दारापर्यंत गेला. खिडकीतून रादो दिसत होता, नव्या शर्टाला इस्त्री करत होता, आणि कॉलरपाशी त्याला ते जमत नव्हतं. सिल्वो परत फिरला.

मग त्यानं जे ठरवलं ते त्याहून वाईट. रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, म्हातारीला गाठायचं. पँट परत द्यायची. आणि तिच्या पाया पडून सांगायचं, की रादो आला की एवढंच म्हणा, 'तो हा नव्हे.' कोण होता ते विचारलं तर म्हणा, आठवत नाही. वय झालंय, आठवत नाही. म्हणजे आता त्या म्हातारीलाही आपल्या खोट्यात ओढायचं, तिच्या वयाचा आडोसा करून.

तो पळत गेला नाही, गाडीनं गेला. पँट कागदी पिशवीत, इस्त्री केलेली. पण हंस भाजायला वेळ लागतो आणि रेझिकाबाईला फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून झ्लात्का आणि रादो सकाळीच येऊन बसले होते. ही पुढची हकीकत मला झ्लात्काकडून कळली.

रादो दारात आला तेव्हा म्हातारीनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा कोण?"

"आत्या, हाच रादो."

"हट्! तो केवढासा होता. बारीक, चष्मेवाला. केस असे चापून बसवलेले. तोंडातून 'माफ करा, माफ करा' सोडून दुसरं काही नाही. आणि मेल्यानं बादली धुऊन पालथी घातली बघ, टॉवेलाची घडी करून वर ठेवली. माझा फ्रान्स चाळीस वर्षांत कधी घडी करायला शिकला नाही."

झ्लात्का म्हणते, रादोच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, सुटल्याचं. आणि मग ते तिथंच थांबलं. घडी आणि बादली ऐकून त्याला माणूस कळला होता. त्यानं कोबी चिरायला घेतला.

थोड्या वेळानं दार वाजलं. झ्लात्कानं उघडलं. दारात सिल्वो, छातीशी कागदी पिशवी धरून. आत स्वयंपाकघरात टेबलाशी रादो, हातात सुरी.

"हा बघा!" म्हातारी आनंदानं ओरडली. "हा आला रादो!"

भट्टीत हंसाची चरबी तडतडत होती. सिल्वोनं पिशवी पुढं केली, पण ती घ्यायला कुणाचा हात पुढं आला नाही, म्हणून ती तशीच हवेत राहिली.

रादोनं सुरी खाली ठेवली. "ये रादो," तो सिल्वोला म्हणाला. "बस."

नेहमीच्या आवाजात नाही, हळू बोलला तो. सिल्वो म्हणतो की या माणसाला हळू बोलता येतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

सिल्वो बसला नाही. पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघाला. गाडी दोनदा बंद पाडली त्यानं. रेझिकाबाई काठी घेऊन अंगणापर्यंत आली. "अरे जेवून जा!" ती म्हणाली. तिला अजून सगळं नीट उमगलं नव्हतं. उमगल्यावरही ती म्हणे एवढंच म्हणाली, "लाजेला नाव देऊन मोकळा झाला बिचारा. पण चुकीच्या माणसाचं दिलं."

आता तुम्हाला वाटेल, पुढच्या मंगळवारी रादोनं सिल्वोचं नाव सगळ्यांसमोर वाजवलं असेल. रादो आला, आणि नेहमीसारखा अंग मोकळं करायला लागला. योशेनं विचारलं, "काय रे, म्हातारीनं ओळखलं का?" रादो म्हणाला, "मिटलं ते." योशेनं पुन्हा काहीतरी भोपळ्याचं काढलं, आणि रादोनं तेही खाली मान घालून ऐकून घेतलं. त्याच्या घरचं मिटलं होतं, बाहेरचं त्यानं तसंच चालू दिलं.

सिल्वो मागं, पुलाच्या खांबापाशी उभा होता. तो आला होता हेच मला नवल. तोंड पांढरं पडलेलं.

"मी होतो," तो म्हणाला.

इतकं हळू की कुणी ऐकलं नाही. योशे बोलतच होता.

"मी होतो तो," सिल्वो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असावा, आवाज फाटला. "भोपळ्यात मी होतो. मोश्ट प्यायलो होतो. म्हातारीनं नाव विचारलं, मी रादोचं सांगितलं."

मला वाटलं, लोक हसतील. हसले असते तर सुटला असता बिचारा. पण एकजणही हसला नाही. योशेनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. आम्ही इतके दिवस ज्याला हसलो तो माणूस समोर उभा, आणि ज्याच्यावर हसायचं होतं तोही समोर उभा. आणि मध्ये आम्ही. त्या क्षणी आम्हालाही कुठं बघावं कळेना. रादोनं 'मी नव्हतो' म्हणून घसा फोडला होता आणि आमच्यापैकी एकालाही ते खरं वाटलं नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "चला, थंडी वाजतेय."

पळालो. रादो सगळ्यांच्या पुढं. सिल्वो सगळ्यांच्या मागं, आणि त्याच्यासोबत मी, पहिल्या दिवसासारखी.

याला आता दुसरं वर्ष होईल. रादो झ्लात्काकडंच राहायला गेला, सुखात आहे, जाड झालाय. मंगळवारी येतो. सिल्वोला 'काय, बरं का?' म्हणतो. सिल्वो 'बरं' म्हणतो. वरवर पाहणाऱ्याला काही दिसणार नाही. पण मधे रादोला जवळचं दिसेनासं झालं, तेव्हा चष्मा करायला तो मारिबोरला गेला. एवढ्या लांबच्या शहरात, तासभर बसमध्ये बसून. तो चष्मा त्याच्या नाकावर तिरका बसतो. मंगळवारी सिल्वोची नजर त्या तिरक्या चष्म्यावर जाते, आणि मी त्याच्या हाताची बोटं हलताना पाहिली आहेत, कोपऱ्यातला स्क्रू पिळल्यासारखी. तो एकदाही त्याबद्दल बोललेला नाही.

दुकानातल्या कपाटातून सहभागाचा बिल्ला त्यानं काढून टाकला. विचारलं तर म्हणाला, "जागा हवी होती."

रविवारची लांब धाव तो आता माझ्याबरोबर करतो. वाट वेगळी, नदीच्या वरच्या अंगानं, द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर. चढ अवघड आहे, आणि चढावर शेजारच्या माणसाचं तोंड दिसत नाही, आपापल्या बुटांकडं बघत राहावं लागतं. त्यानं ही सगळी गोष्ट मला त्या चढावरच सांगितली, तुकड्या तुकड्यानं, कधी एक रविवार, कधी दुसरा. माथ्यावर पोचलो की गप्प व्हायचा. वर वारा असतो, खाली सगळा गाव आणि नदी दिसते, फुप्फुसं फाटायला आलेली असतात आणि तरी उगाच छान वाटतं. तिथं उभं राहून त्याला हे बोलवायचं नाही.

गेल्या रविवारी अर्ध्या चढावर मी त्याला विचारलं, "तू रादोची माफी मागितलीस का रे कधी? नीट, दोघंच असताना?"

"मागितली. त्याच्या दारात जाऊन."

"मग?"

आम्ही एक वळण ओलांडलं.

"म्हणाला, 'बरं.'"

"आणि?"

"आणि काही नाही. 'बरं' म्हणाला, आणि म्हणाला पाऊस येणार आहे, छत्री आणलीस का. मी म्हटलं नाही. मग त्यानं दार लावलं. हळू लावलं, नेवेंका, आपटलं नाही."

"म्हणजे चांगलंच की."

"मला ठाऊक नाही," सिल्वो म्हणाला, आणि वेग वाढवला. मला त्याला गाठायला दम लागला.